यंत्रांतील गुमास्ते आणि त्यांची खबर

भुसावळहून नागपूरच्या रस्त्यानें जाणाऱ्या प्रवाशास थोड्याच अंतरावर दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसूं लागतात. तेथें प्रत्येकी ५०० मेगावॅट शक्तीचे दोन संच आहेत, आणि त्यांच्या शेजारीं ६६० मेगावॅटचा एक नवा संच उभा राहिला आहे. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेनें चक्र फिरतें आणि वीज निघते, एवढें शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. ठाऊक नसतें तें हें, कीं या अवाढव्य कारभारांत माणसाचा हात फार थोड्या ठिकाणीं लागतो. कोळसा किती घालावा, हवा किती सोडावी, बॉयलरांत पाणी किती चढवावें, वाफेचा दाब किती राखावा, हे निर्णय क्षणोक्षणीं संगणकांतील आज्ञावल्या घेत असतात. एकीकडे पाण्याचें खातें, दुसरीकडे कोळशाचें, तिसरीकडे हवेचें. माणूस पडद्यासमोर बसून त्यांच्या कारभारावर नजर ठेवतो.

अशा आज्ञावलीस शास्त्रज्ञ 'एजंट' म्हणतात. मराठींत तिला गुमास्ता म्हटल्यास अर्थ नेमका पोंचतो. जळगांवच्या कापसाच्या किंवा दोंडाईच्याच्या मिरचीच्या पेढीवरचा गुमास्ता मालकाच्या वतीनें व्यवहार करतो, आपल्या खात्यापुरता निर्णय स्वतः घेतो, परगांवच्या गुमास्त्याशीं पत्रव्यवहार ठेवतो, आणि अडेल तेव्हांच मालकाकडे जातो. यंत्रांतला गुमास्ताहि तसाच. आणि उष्णता, दाब, पातळी, प्रवाह यांची वार्ता ज्या लहानशा उपकरणांकडून त्याला मिळते, तीं उपकरणें, म्हणजे सेन्सर, हे त्याचे खबरे होत.

येथें एक खुलासा केलेला बरा. वीजकेंद्रांतल्या नेहमींच्या नियंत्रक आज्ञावल्या आपसांत वाटाघाटी वगैरे करीत नाहींत. ठरवून दिलेल्या रीतीनें त्या एकमेकींस आंकडे पुरवितात, इतकेंच. एकमेकांस प्रश्न विचारणारे, अडचण सांगणारे आणि काम वांटून घेणारे खरेखुरे गुमास्ते अद्याप बव्हंशीं प्रयोगशाळांत आणि कांहीं निवडक कारखान्यांत आढळतात. परंतु दोघांचें दुखणें एकच आहे. खबर आली नाहीं, उशिरां आली, किंवा चुकीची आली, तर त्यांच्या सहकार्याचें काय होतें? हा प्रश्न वाटतो तितका कोरडा नाहीं, आणि त्याचें उत्तर दीपनगरच्या बॉयलरांतच शोधतां येतें.

५०० मेगावॅटच्या अशा संचांत बॉयलरच्या माथ्याशीं एक लांब पोलादी पिंप असतें. त्यास ड्रम म्हणतात. त्यांत खालीं पाणी आणि वर वाफ. पाणी फार उतरलें तर भट्टीच्या भिंतींतल्या नळ्या कोरड्या पडून जळतात. फार चढलें तर पाण्याचे थेंब वाफेबरोबर वाहत जाऊन चक्राच्या पात्यांवर आदळतात. या दोहोंमधली जागा अरुंद असते. तेव्हां पाण्याच्या गुमास्त्यानें पातळी पाहावी आणि ती उतरली कीं पाणी वाढवावें, चढली कीं कमी करावें, इतकें सोपें हें काम आहे असें कोणासहि वाटेल.

तसें तें नाहीं. विजेची मागणी एकाएकीं वाढली म्हणजे चक्र अधिक वाफ ओढून घेतें. त्यासरशीं ड्रममधला दाब उतरतो, आणि पाण्यांत दडलेले वाफेचे बुडबुडे फुगतात. बुडबुडे फुगले कीं पाण्याची पातळी वर चढते. वस्तुतः त्या क्षणीं बॉयलरांतून पूर्वीपेक्षां अधिक पाणी वाफ होऊन चाललें आहे. परंतु खबऱ्या सांगतो कीं पाणी वाढलें! चुलीवर उतूं येणारें दूध पाहून भांड्यांत दुधाची भर पडली असें समजणाऱ्या माणसासारखा हा प्रकार आहे. खबऱ्या खोटें बोलत नाहीं. पातळी खरोखरच चढलेली असते. पण त्या एकट्या खबरेवर विसंबून गुमास्त्यानें पाणी तोडलें, तर थोड्याच वेळांत ड्रम रिकामा होऊं लागेल.

म्हणून या गुमास्त्यास आणखी दोन खबरे दिलेले असतात. बॉयलरांतून वाफ किती बाहेर गेली हें एक सांगतो, पाणी किती आंत आलें हें दुसरा सांगतो. तिन्ही वार्ता जुळवून पाहिल्या म्हणजे बुडबुड्यांची फसवणूक उघडी पडते. आतां समजा, वाफ मोजणारा खबऱ्या बंद पडला. गुमास्ता मग जुन्या रीतीवर येतो. केवळ पातळीकडे पाहून, हात आंखडता घेऊन, हळूहळू पाणी सोडूं लागतो. संच शांतपणें चालला असेल तोंवर हें निभावतें. परंतु त्याच वेळीं वीज वाढविणाऱ्या गुमास्त्यानें नेहमींच्या वेगानें भार चढविला, तर बुडबुडे फुगणार आणि पाण्याचा गुमास्ता फसणार. म्हणजे ज्याची खबर हरपली त्यानें एकट्यानें जपून वागल्यानें भागत नाहीं. आपला सोबती आज एका डोळ्यानें पाहत आहे, हें इतर गुमास्त्यांनाहि कळलें पाहिजे, आणि त्यांनीं आपला वेग आवरला पाहिजे. सहकार्यांत आंकड्यांची देवघेव होतेच. पण 'माझा आंकडा आज किती भरंवशाचा आहे' ही देवघेव त्याहून महत्त्वाची असते, आणि यंत्रणा आंखतांना नेमका तिचाच अनेकदां विसर पडतो.

(६६० मेगावॅटच्या नव्या जातीच्या संचांत हा ड्रमच नसतो. तेथें दाब इतका असतो कीं पाणी व वाफ असा भेदच उरत नाहीं, आणि मग पातळी पाहण्याऐवजीं पाणी व कोळसा यांचें प्रमाण आणि वाटेवरची उष्णता पाहून कारभार हांकावा लागतो. एक खबऱ्या कायमचा गेला आणि त्याचें काम इतरांवर आलें, असें म्हणावें.)

खबऱ्याच्या दोषांतहि प्रतवारी आहे. जो अजिबात मुका होतो तो सर्वांत कमी धोक्याचा. कारण त्याचें मौन ओळखूं येतें. त्यासाठींच ड्रमच्या पातळीसारख्या नाजूक जागीं एका ऐवजीं तीन खबरे बसवितात, आणि तिघांपैकीं दोघांचें म्हणणें जुळेल तें प्रमाण धरतात. पंचायतींत बहुमत घ्यावें तसें हें. मात्र तिघेहि एकाच नळींतून दाब घेत असतील आणि ती नळीच तुंबली असेल, तर तीन मतांची किंमत एका मताइतकीच राहते. भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. त्यांत भट्टीची धग आणि कोळशाची राख. खबऱ्यांच्या प्रकृतीस हें हवापाणी मानवणारें नव्हे.

खरा धोका निराळाच आहे. जो खबऱ्या अडकून एकच आंकडा पुन्हां पुन्हां सांगत राहतो, तो घातकी; कारण त्याचें बोलणें चालू असतें आणि गुमास्त्यास कसलीच शंका येत नाहीं. मनमाडजवळ पानेवाडीस तेलाचे मोठमोठे साठे आहेत, हें खानदेशांतल्या पुष्कळांना माहीत असेल. तसाच एक साठा लंडनच्या उत्तरेस बन्सफील्ड येथें होता. ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे तीनच्या सुमारास तेथल्या एका टांकीचा पातळीमापक अडकला. टांकींत पेट्रोल येत राहिलें आणि पडद्यावर पातळी जेथल्या तेथेंच दिसत राहिली. पातळी फार चढली तर प्रवाह बंद करणारी एक स्वतंत्र कळ होती. तीहि चालली नाहीं. टांकी उतूं गेली, पेट्रोलच्या वाफेचा ढग जमला आणि सकाळीं सहाच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून कोणी दगावलें नाहीं. ४३ माणसें जखमी झालीं. पुढें चौकशींत आढळलें कीं त्यापूर्वींच्या महिन्यांतहि तो मापक अनेक वेळां अडकला होता.

या प्रसंगांत विचार करण्याजोगी गोष्ट ही आहे, कीं खबर नव्हती असें नव्हे. नळींतून तेल येत आहे ही एक खबर, आणि टांकींतली पातळी हलत नाहीं ही दुसरी. या दोन खबरा शेजारीं शेजारीं ठेवल्या असत्या तर शेंबडें पोरहि सांगतें कीं यांतली एक खोटी आहे. परंतु त्या शेजारीं ठेवण्याचें काम कोणाचेंच नव्हतें.

हेंच काम आतां गुमास्त्यांकडे सोंपविण्याचा प्रयत्न चालला आहे. एखादा खबऱ्या मुका झाला कीं त्याचा गुमास्ता शेजाऱ्यांकडे चौकशी करतो: तुझ्याकडे प्रवाह किती, उष्णता किती, पंपास वीज किती लागते? या उत्तरांवरून आणि यंत्राच्या धर्माविषयींच्या ज्ञानावरून तो हरवलेला आंकडा गणितानें काढतो. दुधाचा हिशेब लिहून ठेवणाऱ्या गृहिणीस भांडें न उघडतांहि किती दूध उरलें असेल हें सांगतां येतें, त्यांतलाच हा प्रकार. अशा अनुमानाच्या जोरावर यंत्र बंद न पाडतां कांहीं वेळ काम चालवितां येतें, आणि दुरुस्तीस सवड मिळते. कारखानदारास याचें मोल मोठें आहे. कारण ५०० मेगावॅटचा संच एकदां थंड पडला कीं तो पुन्हां पूर्ण भारावर आणण्यास कित्येक तास आणि पुष्कळसें तेल लागतें.

परंतु या युक्तींत एक खोड लपलेली आहे. पहिल्या गुमास्त्यानें दुसऱ्याच्या आंकड्यावरून अनुमान केलें. तें तिसऱ्यास सांगितलें. तिसऱ्यानें त्यावरून आपलें अनुमान केलें आणि तें दुसऱ्याच्या कानीं घातलें. दुसऱ्यास वाटतें, आपल्या म्हणण्यास बाहेरून दुजोरा मिळाला! वस्तुतः त्याचाच शब्द गांवभर फिरून त्याच्याकडे परत आला आहे. अफवा याच मार्गानें खरी ठरते, हें समाजांत वावरणाऱ्या कोणासहि सांगणें नको. म्हणून प्रत्येक आंकड्याबरोबर त्याचें कुळगोत्र पाठवावें लागतें: तो प्रत्यक्ष मोजलेला कीं अनुमानाचा, कोणापासून आलेला, आणि किती क्षणांपूर्वीचा. हें न करणारी यंत्रणा, तिच्यांत गुमास्ते जितके अधिक बोलके, तितकी अधिक लवकर फसते. आपसांत संवाद वाढला म्हणजे शहाणपण वाढतें, असा जो एक भाबडा समज अलीकडे पसरला आहे, त्यास येथें पुरावा मिळत नाहीं.

या संदर्भांत धुळें जिल्ह्यांतल्या एका जुन्या व्यवस्थेची आठवण होणें साहजिक आहे. पांझरा नदीवर शेंकडों वर्षांपासून लहान लहान बंधारे आहेत, आणि त्यांच्या पाटांवर फड पद्धतीनें शेती होत आली आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, आणि पाणी भरण्याचें काम शेतकऱ्यानें स्वतः न करतां पाटकऱ्यावर सोंपवावयाचें. त्याच्या वर हवालदार, राखणीस जागल्या. पाणी कमी दिसलें तर त्या वर्षीं भिजविण्याचें क्षेत्रच आंखडावयाचें, म्हणजे तूट सर्वांच्या वांट्यास येई. या व्यवस्थेंतली खुबी अशी, कीं बंधाऱ्यावरून पाणी वाहतें आहे कीं नाहीं ही खबर सर्वांना एकच होती आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. त्यामुळें एका बंधाऱ्यापुरता वाद थोडा. वरच्या गांवानें किती पाणी अडविलें हें मात्र खालच्या गांवाला आपल्या बांधावरून दिसत नाहीं; तेथें मेळ राखण्यास रूढीनें ठरलेले हक्क लागतात. जेथवर नजर पोंचते तेथवर सहकार्य सोपें. नजरेपलीकडे नियम लागतो.

ज्या साक्री तालुक्यांतून पांझरा वाहते, त्याच तालुक्यांत आज विजेचे दोन नवे झरे आहेत. शिवाजीनगर येथें २०१३ सालीं १२५ मेगावॅटचें सौर वीजकेंद्र सुरू झालें, आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. ढग आला कीं सौर वीज उतरते, वारा पडला कीं पवनचक्क्या मंदावतात. आणि ती तूट दीपनगरसारख्या केंद्रांनीं भरून काढावयाची असते. यासाठीं दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागांत किती वीज येईल याचा अंदाज आधीं द्यावा लागतो, आणि कळव्याच्या राज्य भारप्रेषण केंद्रांत या सर्वांचा मेळ घातला जातो. साक्रीच्या पठारावरचा वारा मोजणारा खबऱ्या मुका झाला, तर त्याचा फटका शंभर मैलांवरच्या भट्टीस बसूं शकतो. पांझरेच्या वरच्या व खालच्या गांवांचा प्रश्नच हा. नदीच्या जागीं तारांचें जाळें आलें, इतकेंच.

या जाळ्यांत नजरेपलीकडचें न दिसल्यानें काय होतें, याचा धडा भारतास २०१२ सालीं मिळाला. ३० जुलैच्या रात्रीं अडीचच्या सुमारास उत्तर भारताचें सारें वीजजाळें कोसळलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं उत्तर, पूर्व व ईशान्य अशीं तीन जाळीं एकदम कोसळलीं, आणि सुमारें ६० कोटी लोकांच्या प्रदेशांत अंधार झाला. पश्चिमेचें जाळें, ज्यांत खानदेश येतो, वांचलें. त्या आधींच पश्चिमेकडून उत्तरेकडे वीज नेणाऱ्या अनेक वाहिन्या बंद होत्या, आणि उरलेल्यांवर असह्य भार आला होता. त्यांतली बिना ते ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी प्रथम तुटली. ती कोणी तोडली? तिच्याच रक्षणासाठीं बसविलेल्या रिलेनें. हा रिले विजेचा दाब व प्रवाह यांचें प्रमाण पाहून दूर कोठें तार जमिनीस लागली आहे काय, हें ओळखतो. भार अतोनात वाढला व दाब उतरला म्हणजे तें प्रमाण अगदीं बिघाडासारखें दिसूं लागतें. रिलेचें मोजमाप चोख होतें. बिघाड मात्र कोठेंच नव्हता. ड्रममधल्या फुगलेल्या बुडबुड्यांचीच ही मोठी आवृत्ति. एका जागेवरची खरी खबर, आणि तिच्यावरून काढलेला खोटा निष्कर्ष. वाहिनी तुटतांच तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला, आणि त्यांच्या रक्षकांनींहि आपापल्या जागीं आपापलें कर्तव्य तितक्याच तत्परतेनें बजाविलें.

तेव्हांपासून जाळ्यावर ठिकठिकाणीं असे मापक बसविण्याचें काम वाढलें आहे, जे सेकंदास २५ किंवा ५० वेळां विजेची नाडी पाहतात आणि प्रत्येक आंकड्यावर उपग्रहाच्या घड्याळाचा शिक्का मारतात. या शिक्क्याचें महत्त्व आंकड्याहून कमी नाहीं. जळगांवचा आतांचा आंकडा आणि ग्वाल्हेरचा चार सेकंदांपूर्वीचा आंकडा एकत्र मांडून काढलेलें चित्र कोणत्याच क्षणाचें खरें चित्र नसतें.

एवढ्या मोठ्या यंत्रांच्या गोष्टी कशाला, रावेर व यावलच्या केळीच्या बागांत हाच प्रश्न हातभर जमिनींत येऊन ठेपला आहे. जळगांव हें ठिबक सिंचनाचें मोठें केंद्र. आतां ठिबकच्या नळ्यांवरहि गुमास्ते नेमले जात आहेत: जमिनींत ओल मोजणारा खबऱ्या, त्याच्या सांगण्यावरून झडप उघडणारा एक गुमास्ता, झडपा उघडल्याचें पाहून पंप चालविणारा दुसरा, आणि पाण्याबरोबर खत सोडणारा तिसरा. येथली काळी जमीन उन्हांत भेगाळते, हें त्या भागांत कोणासहि नवें नाहीं. ती भेग खबऱ्याच्या कडेनें गेली, कीं त्याच्या व मातीच्या मध्यें हवा शिरते, आणि शेजारची माती ओली असतांहि तो कोरड पडल्याची वार्ता देऊं लागतो. झडपेचा गुमास्ता झडप उघडतो, पंपाचा पंप चालवितो, खताचा खत सोडतो. तिघांचें सहकार्य निर्दोष असतें, आणि त्या निर्दोष सहकार्यानें पाणी व खत मुळांखालीं वाहून जातें. ज्या पट्ट्यांत विहिरींचें पाणी वर्षानुवर्षें खोल गेलें आहे, तेथें ही उधळपट्टी लहान नव्हे.

उपाय महागडा नाहीं. झडप किती वेळ उघडी होती आणि नळींतून किती पाणी गेलें, हें पंपाच्या गुमास्त्यास माहीत असतेंच. इतकें पाणी देऊनहि कोरड हटत नाहीं, तर खबऱ्याविषयीं शंका घ्यावी, एवढा एक नियम घातला तरी पुष्कळ काम होतें. बन्सफील्डच्या टांकीस याच नियमाची उणीव होती. बागेंत निरनिराळ्या खोलीवर दोन तीन खबरे पुरले तर आणखी बरें. आणि शंका आली कीं गुमास्त्यानें मालकास हांक मारावी. मालक बांधावरून उतरेल, केळीच्या बुंध्याशीं वीतभर माती उकरील, ती मुठींत दाबून पाहील, आणि गोळा बांधला तर पंप बंद करील. त्याच्या या पाहणीसाठीं गुमास्त्याच्या वहींत एक रकाना ठेवणें अवघड नाहीं; एका बटणाचें काम आहे.